बेचिराख गावाचा रस्ता

मामांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीन डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. "कुठाय आपलं घर?"

भूकंपाच्या आधीच्या टोपोशीटचा फोटो होता तो. एका भूगोलाच्या प्राध्यापकांकडं त्या शीटची फोटोकॉपी होती. तिचा फोटो काढून मी तो आजच्या उपग्रह नकाशावर बसवला होता. दोन रात्री लागल्या. नदीचं वळण जुळवायचं, विहीर जुळवायची, रस्त्याचा फाटा जुळवायचा, की जुनं गाव आजच्या जमिनीवर बरोबर आपल्या जागी येऊन बसतं. मला या गोष्टीचा फार आनंद झाला होता. तो आनंद मामांना दाखवायला मी लातूरहून मोटारसायकलवर आलो होतो.

"घर दिसत नाही मामा. गाव दिसतं. हे बघा, लाल."

त्यांनी तो लाल ठिपका पाहिला. करंगळीच्या नखाएवढा. बोटानं एकदा सरकवला, चुकून नदीपाशी गेले, परत आले. मग फोन माझ्या हातात दिला. "बंद कर," म्हणाले, आणि म्हशीकडं गेले.

मामी आतून म्हणाली, "कशाला दाखवलालास रं त्यास्नी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते शोधताना जे सुचलं ते इथं लिहितोय.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात, लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत, हजारो माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी उठवून वसवली गेली. माझं आजोळ त्यांतलं एक. मी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मलो. म्हणजे जुनं गाव उभं असलेलं मी कधीच पाहिलं नाही. आईच्या बोलण्यात ते कायम वर्तमानकाळात असतं. "मारुतीच्या पलीकडं येळंबाचं घर आहे," असं ती म्हणते. मारुती आता नव्या गावात आहे आणि येळंबांपैकी कुणीच नाही.

आता त्या शीटबद्दल, कारण शाळेत आपल्याला भूगोलात नकाशाची चिन्हं पाठ करायला लावतात आणि चिन्हामागं कुणाचं घर असतं हे कुणी सांगत नाही.

शीटचा क्रमांक ५६ बी/१२. देशाचे चौकोन पाडलेत, ५६ हा त्यांतला एक. त्यात नांदेड येतं, लातूर येतं, बीदर येतं. त्या चौकोनाचे पुन्हा ए, बी, सी असे तुकडे आणि प्रत्येकाचे सोळा. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. उंचीच्या रेघा तपकिरी, शेती पिवळी, वस्ती लाल, पाणी निळं. एक बारकावा मला फार आवडतो. ज्या ओढ्याला वर्षभर पाणी नसतं तो निळा काढत नाहीत, काळा काढतात. मराठवाड्याची शीट उघडा, काळ्या रेघांचं जाळं दिसेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा सगळ्या देशाला धक्का बसला होता. शीट काढणाऱ्यांना तो बसायचं कारण नव्हतं.

ही मोजणी आपल्या भागात आली ती आपल्यासाठी नव्हे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टननं मद्रासपासून मोजायला सुरुवात केली. पृथ्वीचा नेमका आकार कळावा म्हणून एक रेघ दक्षिणेकडून उत्तरेकडं न्यायची होती आणि जाता जाता कंपनीच्या फौजेला आणि महसुलाला लागणारा मुलूखही कागदावर यायचा होता. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा थिओडोलाइट माणसांनी डोंगरांवर आणि देवळांवर चढवायचा, मधली झाडं आड आली तर तोडायची. ती रेघ बीदरच्या बाजूच्या दामरगिद्द्याहून उत्तरेला, आज ज्याला आपण नांदेड जिल्ह्याची देगलूर-बिलोलीची बाजू म्हणतो तिकडून वर चढली. मुलूख निजामाचा, यंत्र इंग्रजाचं, ओझं वाहणारे इथलेच. लॅम्ब्टन हे काम करता करताच १८२३ मध्ये विदर्भात हिंगणघाटला मेला. त्याची कबर तिथं आहे. देगलूरच्या ज्या माणसांनी झाडं तोडली असतील त्यांचं नाव कुठं नाही, आणि ते असायला हवं होतं का, हेही मला ठामपणे सांगता येत नाही. नाव राहणं ही नेहमीच चांगली गोष्ट असते असं मी आधी धरून चाललो होतो.

महसूल खात्यात एक शब्द आहे, बेचिराख. आपण तो बातम्यांमध्ये वापरतो, शहर बेचिराख झालं वगैरे. त्याचा मूळ अर्थ जास्त साधा आणि जास्त भयंकर आहे. बे-चिराग. जिथं दिवा लागत नाही. कागदावर गाव आहे, शिवार आहे, गट नंबर आहेत, सातबारे आहेत, शेतसारा आहे. फक्त रात्री दिवा लावणारं कुणी नाही. प्लेगात, दुष्काळात, दरोड्यांच्या भीतीनं उठलेली अशी गावं जुन्या दप्तरांत नोंदलेली सापडतात. तलाठ्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. त्याच्या लेखी गाव म्हणजे जमीन, माणसं येतात-जातात.

टोपोशीटच्या लेखी गाव म्हणजे जागा. लाल ठिपका आणि त्याशेजारी नाव. माझ्या आईच्या लेखी गाव म्हणजे शेजार, कुणाच्या पलीकडं कुणाचं घर. आणि मामांच्या लेखी? मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, "मामा, आपलं गाव म्हणजे हे का ते?" ते म्हणाले, "कार्ड कोणत्या गावाचं हाय बघ." म्हणजे रेशनकार्ड. त्या वेळी मला ते टाळल्यासारखं वाटलं. आता वाटतं की त्यांनी उत्तर दिलं होतं. ज्या गावात आज धान्य मिळतं ते आपलं.

मग मला जुना लाल ठिपका त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचा काय अधिकार होता? मरण त्यांनी पाहिलं. दोन बहिणी आणि त्यांची आई, म्हणजे माझी आजी, त्यांनी हातांनी काढली. मी फक्त नकाशा पाहिला. पण आजी माझीही आहे, आणि तिच्या दारात मी कधी उभा राहिलो नाही याचं मला जे वाटतं तेही खोटं नाही. जुनं गाव हे ज्यांनी भोगलं त्यांच्या मालकीचं, की ज्यांना ते मिळालंच नाही त्यांचाही त्यावर काही हक्क?

या प्रश्नाचं एक सोपं उत्तर मी वर्षभर उराशी धरून होतो: माहिती सगळ्यांची असते. ते उत्तर कसं मोडलं ते सांगतो.

ओपनस्ट्रीटमॅप तुम्ही वापरलं असेल. खुला नकाशा, कुणीही त्यात भर घालू शकतो. मी भूकंपग्रस्त गावांच्या जुन्या जागा त्यात टाकत होतो. जुन्या शीटवर माझ्या आजोळच्या मोठ्या लाल ठिपक्यापासून थोडं दूर, पूर्वेला, तीन-चार बारीक चौकोन आहेत. त्यांना नाव नाही. ती वस्ती कुणाची हे आईला माहीत होतं, तिनं जातीच्या नावानंच सांगितलं, तिच्या पिढीत तसंच म्हणत. मी ते नाव जसंच्या तसं टाकलं. इतिहास आहे, म्हटलं. प्रामाणिकपणा आहे.

कॉलेजातला एक मित्र, त्याचं मूळ त्याच वस्तीचं. त्याला मी कौतुकानं लिंक पाठवली. दोन दिवस निळ्या खुणा, उत्तर नाही. मग फोन आला.

"तू हे कुठनं आणलास?"

"नकाशावर होतं."

"नकाशावर नाव नाही. मी बघितलं. नाव तू घातलास."

ते खरं होतं. सर्व्हेवाल्यांनी जे लिहिलं नव्हतं ते मी लिहिलं होतं.

मी वाद घातला. म्हणालो, ती वस्ती वेगळी होती, पाणवठा वेगळा होता, हे पुसलं तर पुढच्या पोराला वाटेल की सगळे एकत्र गुण्यागोविंदानं राहत होते आणि मग भूकंप झाला. हे खोटं ठरेल. तो म्हणाला, "लिही की मग. लेख लिही, माझ्या आज्याला विचारून लिही. पण पिन टाकू नको. लेखात माणूस बोलतो. पिनेत नुसता पत्ता राहतो आणि तो पत्ता माझा हाय." मग थोडं थांबून, "गाव पडलं, आम्ही तिथनं निघालो. तू परत नेऊन बसवलास."

मी ती नोंद त्याच रात्री काढली. सरकारनं २०२० च्या डिसेंबरमध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या ग्रुपवर बरीच मंडळी म्हणत होती की नाव बदलून काय होतं. मीही त्यांतलाच होतो. रोज ज्याला तो पत्ता पार्सलवर लिहावा लागतो त्याला काय होतं ते माहीत असतं.

तर, गप्प बसणं हाच आदर, असं म्हणून मोकळं व्हायचं का? तेही जमत नाही, कारण नकाशाच्या गप्प बसण्यानं काय होतं याचं उदाहरण याच मातीत आहे.

भारतीय मानक संस्थेच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात १९९३ पर्यंत किल्लारीचा भाग पहिल्या क्षेत्रात होता. पहिला म्हणजे सगळ्यात सुरक्षित. दख्खनचं पठार जुनं, घट्ट, हलणार नाही अशी समजूत. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेनं ती समजूत एकदा मोडली होती, आणि त्यानंतर कोयनेपुरता रंग बदलला. लातूरचा तसाच राहिला. किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये धक्के बसले, लोक काही दिवस अंगणात झोपले, मग परत माळवदाखाली गेले. माळवद म्हणजे लाकडाच्या सरांवर हात-दोन हात मातीचा थर, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. खाली दगड आणि काळ्या मातीच्या चिखलाच्या, माणूस आडवा झोपेल एवढ्या रुंद भिंती. ज्याची ऐपत जास्त त्याची भिंत जाड. पहाटे चारच्या सुमाराला तीच भिंत आणि तेच माळवद अंगावर आलं. काही ठिकाणी कुडाच्या आणि पत्र्याच्या घरातले वाचले. २००२ मध्ये पहिलं क्षेत्र नकाशातून काढूनच टाकलं आणि लातूर तिसऱ्यात गेलं.

यात दोष कुणाचा? नकाशा काढणारे लबाड नव्हते, त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी रंगवलं. गावातल्या कुणी तो नकाशा पाहिलाही नव्हता, त्यामुळं त्यावर विसंबून कुणी मेलं असंही म्हणता येत नाही. तरी मला वाटतं, दोष उरतो, आणि तो रंगाच्या खात्रीत आहे. "आम्हाला इथलं फारसं माहीत नाही" आणि "इथं धोका नाही" या दोन वाक्यांना नकाशात एकच रंग दिला गेला. लाल ठिपक्याशेजारच्या त्या बिननावाच्या चौकोनांचंही तसंच आहे. सर्व्हेवाल्यानं विचारलं नाही, की विचारलं आणि वरच्या आळीतल्या पाटलानं सांगितलं नाही, की सांगितलं आणि जागा पुरली नाही? कागदावर तिन्हींचा पांढरा सारखाच.

आणि नवं गाव? चौकटीचौकटीत आखलेलं, रुंद रस्ते. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या त्या पुनर्वसनात घरं तीन मापांची होती: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कोणतं, हे घरातल्या माणसांवर ठरलं नाही, तुमच्याकडं शेती किती यावर ठरलं. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला सगळ्यात लहान, सात हेक्टरांच्या वर असेल त्याला सगळ्यात मोठं. भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत एका पातळीवर आणलं असं भाषणांत म्हणतात. आराखड्यानं सातबारा उघडून पातळ्या परत मोजून घेतल्या. याला त्या वेळच्या अधिकाऱ्यांकडं कारण होतं, शेतकऱ्याला अवजारं, धान्य, जनावरं यांना जागा लागते, आणि ते कारण पूर्ण खोटं नाही. पण मित्राचं २५०चं घर आणि मामांचं ७५०चं घर मी दोन्ही पाहिलीत. जुना नकाशा पुसायला निघालेला नवा नकाशा त्याच्यावरच कागद ठेवून गिरवलेला निघतो.

जगात दुसरीकडं काय करतात म्हणून शोधत असताना मला मोस्त सापडलं. चेक देशातलं, डोंगराच्या पायथ्याचं खाणींचं शहर. खाली कोळसा निघाला म्हणून सरकारनं अख्खं जुनं शहर पाडलं. फक्त एक जुनं चर्च वाचवायचं ठरलं. १९७५ मध्ये ते रुळांवर चढवून ८४१ मीटर सरकवलं. आपल्या शीटच्या मापात जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. माझ्या आजोळच्या नव्या-जुन्या गावांतलं अंतर याहून जास्त आहे. चर्च हललं, शहर गेलं. तिथल्या जुन्या नकाशांवर लोक आजही घरं शोधत बसतात असं वाचलं तेव्हा बरं वाटलं, म्हणजे हा माझाच चाळा नाही. आमच्या गावानं मारुती नेला. मामांनी दाराची चौकट नेली, ती नव्या घराला बसली नाही, गोठ्याला लावली.

जाता जाता एक चिडचिड. हे नकाशे वर्षानुवर्षं सामान्य माणसाला सहज मिळत नव्हते. २००५ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, लष्करासाठी वेगळी मालिका आणि लोकांसाठी वेगळी झाली. २०१७ मध्ये 'नक्शे' पोर्टलवर आधार देऊन शीट उतरवता येऊ लागली, २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकी लष्करानं १९५० च्या दशकात छापलेले आपल्या भागाचे अडीच लाख प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट होते. मी माझ्या आजोळचं नाव नकाशावर पहिल्यांदा वाचलं ते टेक्ससमधून, चुकीच्या स्पेलिंगसकट. लेंडी धरणात ज्यांची घरं जायची आहेत त्या मुखेड तालुक्यातल्या मुक्रमाबादच्या आणि आसपासच्या पोरांना मी एवढंच सांगेन की आपली शीट आत्ताच उतरवून ठेवा. तुमच्या गावावर पिन कुठं टाकायची हे दुसऱ्या कुणी ठरवायच्या आत.

मामांच्या 'बंद कर' नंतर मी तो विषय सोडला होता. सहा-सात महिन्यांनी त्यांचाच फोन आला.

"ते तुझ्या फोनात जुनं होतं बघ. त्यात आपल्या मळ्याची वाट हाय का?"

शेजाऱ्यानं वाट नांगरली होती. मळ्यात ऊस तोडणीला आलेला आणि ट्रॅक्टर आत जाईना. तहसीलदारांकडं अर्ज केला होता, मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली. पाणंद रस्त्यांची निम्मी भांडणं याच कलमावर चालतात. शेजाऱ्याचं म्हणणं, इथं वाट कधी नव्हतीच.

मी शीट उघडली. वाट होती. लाल तुटक रेघ, बैलगाडीच्या रस्त्याची. मळ्यापासून निघून ओढा ओलांडून थेट जुन्या गावात जाऊन संपत होती. मी मामांना सांगितलं की वाट दिसते, पण कचेरीत गावनकाशा जास्त चालतो, तो भूमी अभिलेखातून काढा, याला फक्त आधार म्हणून जोडा. आणि अजून एक अडचण सांगितली. वाट जाते ती जुन्या गावाकडं. शेजाऱ्याचा वकील म्हणेल, तिथं आता कोण राहतं? ज्या गावात दिवा लागत नाही तिथं जायची वाट कशाला?

पलीकडं बराच वेळ शांतता. मागून म्हैस ओरडली.

"वाट गावाला जात नव्हती," मामा म्हणाले. "वाट मळ्याला येत होती. आमी गावाहून मळ्यात यायचो."

मी काही बोललो नाही.

"फोटू पाठव," ते म्हणाले. "पण वाटंपुरताच कापून पाठव. गावाचं नगं."

मी तो तुकडा कापला. रेघेचं एक टोक मळ्यात, दुसरं कुठंतरी अधांतरी राहत होतं. पाहून वकील नक्की विचारणार की पुढं काय आहे. मी थोडी जागा वाढवली, ठिपक्याची लाल कड आत यायला लागली, परत कमी केली. असं तीनचारदा केलं. मग ओढ्यापर्यंतचा तुकडा ठेवला आणि पाठवला.

सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मामांनी विचारलंय, येशील का.